जुन्या फ्लॅटमधील बाथरूमचे कमी खर्चात नूतनीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९८० ते २००० या काळात पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक येथे उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींमधील बाथरूम एकमेकांची भावंडे शोभावीत इतकी सारखी असतात. साधारण सात फूट लांब आणि चार फूट रुंद खोली, चार-साडेचार फुटांपर्यंत पांढऱ्या लहान टाइल्स, त्यावर ऑइल पेंट, खाली मोझॅइक किंवा शहाबादी फरशी, भिंतीत गाडलेले लोखंडी पाइप, तळाशी कुजलेला लाकडी दरवाजा आणि बऱ्याच घरांत कोपऱ्यात बांधलेली पाण्याची टाकी, असे त्यांचे रूप असते. अशा बाथरूमचे काम हाती घेताना जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. खर्चाचे आकडे पुण्यातील मध्यम प्रतीच्या कामांवरून बांधलेले ढोबळ अंदाज आहेत. शहर, मजला आणि मालाची निवड यांप्रमाणे ते बदलतील.

सगळे बाथरूम फोडावेच लागते का?

नाही, आणि पैसे वाचवण्याचा सर्वांत मोठा निर्णय हाच आहे. फोडकाम सुरू झाले की खर्च केवळ टाइल्सचा राहत नाही. राडारोडा उतरवणे, नवे प्लास्टर, नवे वॉटरप्रूफिंग, नवे पाइप आणि पंधरा दिवसांची मजुरी हे सगळे त्यामागून येते. मात्र जिथे फोडणे आवश्यक आहे तिथे ते टाळून वरवर सजावट केली, तर तो खर्च दोनदा होतो. म्हणून आधी बाथरूमची प्रकृती तपासावी, मग निर्णय घ्यावा.

तपासणी घरच्या घरी करता येते. पहिली गोष्ट म्हणजे खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या छताकडे पाहावे. तिथे ओल, पांढरे क्षार किंवा पोपडे दिसत असतील तर गळती आहे, आणि ती कुठली आहे हेही बरेचदा ओळखता येते. आपण बाथरूम चार दिवस बंद ठेवले तरी ओल तशीच राहते किंवा वाढते, तेव्हा दोष सतत दाबाखाली असलेल्या पाण्याच्या पाइपात असण्याची शक्यता अधिक. अंघोळी झाल्यावर ओल वाढते आणि बंद ठेवल्यावर सुकू लागते, तेव्हा दोष फरशीच्या सांध्यांत, न्हाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखाली बसवलेल्या, सांडपाणी बाहेर नेणाऱ्या भांड्याच्या) भोवताली किंवा सांडपाण्याच्या पाइपात असतो. दुसरी गोष्ट, टाइल्सवर एखाद्या नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करून पाहावे. भरीव आवाज आला तर टाइल घट्ट आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर ती मागून सुटलेली आहे. तिसरी गोष्ट, सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर तांबूस पाणी येत असेल, किंवा स्वयंपाकघरात धार चांगली असून बाथरूममध्येच ती बारीक असेल, तर लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झाले आहेत असे समजावे.

गळती नाही, टाइल्स बहुतेक घट्ट आहेत आणि पाणीही स्वच्छ व पुरेसे येते, असे असेल तर न फोडता काम करावे. यांपैकी गळती किंवा गंजलेले पाइप यांतले एकही सापडले, तर हातोडा लागणारच.

न फोडता नेमके काय काय बदलता येते?

पुष्कळ काही. जुन्या बाथरूमला ‘जुनेपण’ देणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा टाइल्स नसतात. काळे पडलेले सांधे, हिरवट डाग पडलेले नळ, पिवळी पडलेली फ्लश टाकी, गंजलेले टॉवेल स्टँड आणि एकाच पिवळ्या बल्बचा मंद उजेड हे दोष त्या निष्पाप पांढऱ्या टाइल्सच्या माथी मारले जातात.

सुरुवात सांध्यांपासून करावी. टाइल्समधले जुने पांढरे सिमेंट खरवडून काढून तिथे इपॉक्सी ग्राउट भरले, की पाणी आत मुरत नाही आणि सांधे वर्षानुवर्षे काळे पडत नाहीत. इपॉक्सी ग्राउट सिमेंटच्या ग्राउटपेक्षा महाग असते आणि ते भरायला सरावाचा हात लागतो, कारण टाइलवर सांडलेले ग्राउट वेळीच पुसले नाही तर पुढे ते निघत नाही. तरीही अंघोळीच्या कोपऱ्यात आणि फरशीवर तेच वापरावे. उरलेल्या भिंतींना साधे ग्राउट चालते.

त्यानंतर नळ. भिंतीतला पाइप न हलवता बिबकॉक (बादली भरायचा नळ), अँगल कॉक (टाकी किंवा बेसिनकडे जाणारे पाणी बंद करणारा छोटा नळ), शॉवर आणि बेसिनचा नळ बदलता येतो, आणि चांगला प्लंबर हे काम एका दिवसात करतो. जुने वायसरचे नळ काढून अर्ध्या फेऱ्यात बंद होणारे सिरॅमिक डिस्कचे नळ बसवावेत. नळ हातात घेऊन वजन पाहावे. पितळेचा नळ जड लागतो, आणि हलक्या धातूवर चमकदार मुलामा दिलेला नळ दुकानात कितीही देखणा दिसला तरी बोअरवेलच्या जड पाण्यापुढे तो फार टिकत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. लोखंडी पाइप फार जुना असेल तर नळ फिरवून काढताना आतली चूडीच (पाइपाचे आटे) तुटू शकते, आणि एका नळापायी भिंत फोडण्याची वेळ येते. हे काम सकाळी, इमारतीच्या टाकीवरील आपला वॉल्व्ह बंद करून आणि हार्डवेअरची दुकाने उघडी असताना करावे.

दरवाजाचा खालचा भाग कुजला असेल तर पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा) दरवाजा बसवावा. त्याखेरीज नवा आरसा, पांढरा एलईडी दिवा, सहा इंची एक्झॉस्ट पंखा, स्टेनलेस स्टीलचे स्टँड, कमोडचे नवे सीट आणि छताला बुरशीरोधक रंग, इतक्या गोष्टी साधारण पंधरा ते तीस हजार रुपयांत बसतात. त्यांतही पंखा आणि दिवा पुढच्या महिन्यावर ढकलू नयेत. ओल साठली नाही आणि उजेड पुरेसा असला, तर जुन्या पांढऱ्या टाइल्स चांगल्याच दिसतात. किंबहुना हल्ली नव्या बाथरूममध्ये हौसेने लावल्या जाणाऱ्या लहान पांढऱ्या टाइल्सपेक्षा त्या फारशा वेगळ्या नसतात.

जुन्या टाइल्सवर रंग देणे किंवा स्टिकर लावणे योग्य आहे का?

बेसिनच्या मागच्या भिंतीवर किंवा दरवाजाशेजारच्या कोरड्या भागात दोन घटकांचा इपॉक्सी रंग दिला तर तो काही वर्षे बरा राहतो, मात्र त्याआधी साबणाचा आणि तेलाचा थर पूर्ण काढून टाइल खरखरीत करावी लागते. फरशीवर आणि जिथे रोज बादलीने पाणी ओतले जाते तिथे हा रंग लवकर सोलतो. स्टिकरच्या आणि पीव्हीसी शीटच्या मागे ओल अडकून बुरशी धरते. भाड्याच्या घरात, तात्पुरती सोय म्हणून हे ठीक आहे; स्वतःच्या घरात तेच पैसे ग्राउटवर घालावेत.

टाइलवर टाइल बसवली तर चालते का?

भिंतीवर चालते, फरशीवर विचार करून. जुनी टाइल घट्ट असली पाहिजे, तिचा गुळगुळीतपणा ग्राइंडरने किंवा छिन्नीच्या टिचक्यांनी मोडला पाहिजे आणि नवी टाइल साध्या सिमेंटऐवजी टाइलवर टाइल लावण्यासाठी बनवलेल्या अधेसिव्हनेच (चिकटवणाऱ्या तयार मसाल्यानेच) बसवली पाहिजे. टाइल अधेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे. पिशवीवर त्याचा उल्लेख आणि प्रकार छापलेला असतो, तो दुकानदाराच्या सांगण्यावर न सोडता स्वतः वाचावा. सुटलेल्या टाइल्स मात्र आधी काढून ती जागा प्लास्टरने भरून घ्यावी लागते.

या पद्धतीत फोडकाम, राडारोडा आणि आवाज वाचतो, पण भिंत प्रत्येक बाजूने अर्धा इंच पुढे येते. त्यामुळे नळांना एक्स्टेंशन निपल (लांबी वाढवणारे जोडतुकडे) लावावे लागतात, स्विचबोर्ड आत गेल्यासारखा दिसतो आणि दरवाजाच्या चौकटीशी कडा जुळवावी लागते. फरशीवर दुसरा थर दिला तर पातळी वाढते, न्हाणी ट्रॅप खड्ड्यात जातो आणि उंबऱ्याची उंची कमी होऊन पाणी बाहेर येण्याचा धोका निर्माण होतो. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: खाली गळती असताना वर दुसरी फरशी बसवणे म्हणजे फुटक्या कौलावर प्लास्टिक अंथरण्यासारखे आहे. काही महिने ते उपयोगी पडते, एवढेच.

संपूर्ण काम करायचे तर किती खर्च येतो, आणि पैसे कशावर घालावेत?

सात बाय चारच्या बाथरूमचे फोडण्यापासून नळ बसवण्यापर्यंतचे काम, निवड साधी ठेवली तर, साधारण ऐंशी हजार ते सव्वा लाख रुपयांत होते. यात सर्वाधिक वाटा मजुरीचा असतो आणि तो घासाघीस करून फारसा कमी होत नाही; झालाच तर कामाच्या प्रतीतून तो वसूल होतो. माल निवडताना मात्र बराच वाव असतो.

नंतर बदलता येणार नाहीत अशा गोष्टींवर हात आखडू नये, आणि नंतर बदलता येतील अशा गोष्टी साध्या घ्याव्यात, हा नियम आम्ही पाळतो. भिंतीतले पाइप, न्हाणी ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, विजेची वायर आणि भिंतीत गाडला जाणारा डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून ते शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा भाग) या पहिल्या गटातल्या वस्तू आहेत. आरसा, कपाट, शॉवर, बेसिन, टॉवेल स्टँड या दुसऱ्या गटातल्या. त्या पुढच्या दिवाळीला घेतल्या तरी बिघडत नाही. प्रत्यक्षात बहुतेक घरांत नेमके उलटे घडते. मोठ्या शॉवरवर आठ हजार खर्च होतात आणि ट्रॅप सर्वांत स्वस्त घेतला जातो, कारण शॉवर पाहुण्यांना दिसतो.

डायव्हर्टरबद्दल थोडे अधिक. भिंतीत गाडलेला डायव्हर्टर बिघडला तर टाइल फोडावी लागते. तेच काम करणारा, पण भिंतीबाहेर बसणारा वॉल मिक्सर दिसायला थोडा अवजड असतो, पण दुरुस्तीला सोपा आणि तुलनेने स्वस्त असतो. मर्यादित पैशांत वॉल मिक्सरच घ्यावा.

टाइल्स किती लागतील, हे कसे काढावे?

दुकानात जाण्यापूर्वी स्वतः मोजमाप करावे. सात बाय चारच्या खोलीचा परिघ २२ फूट होतो. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची तर १५४ चौरस फूट, त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा आणि लहान खिडकी वजा केली की सुमारे १३५ चौरस फूट उरतात. तुटफूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के धरले की साधारण १४८ चौरस फूट लागतात. ज्याला दुकानदार ‘बारा-अठरा’ म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ३०० बाय ४५० मिलिमीटरची, म्हणजे दीड चौरस फुटाहून किंचित लहान असते; त्यामुळे सहा टाइल्सच्या बॉक्समध्ये नऊ नव्हे, तर सुमारे ८.७ चौरस फूट माल येतो. या हिशेबाने १८ बॉक्स घ्यावे लागतात. नऊने भागले असते तर सतरा आले असते आणि शेवटच्या ओळीला माल कमी पडला असता. कमी पडलेला माल नंतर आणला तर तो वेगळ्या बॅचचा निघतो आणि छटा जुळत नाही.

खर्च कमी करायचा असेल तर उंचीचा विचार करावा. अंघोळीच्या कोपऱ्यातील भिंती सात फुटांपर्यंत आणि उरलेल्या चार फुटांपर्यंत ठेवल्या, तर वरच्या मापांत साधारण पाच बॉक्स वाचतात; वर बाहेरच्या भिंतींसाठी असतो तसा पाणी सोसणारा रंग द्यावा. देशातल्या सिरॅमिक टाइल्सचा मोठा हिस्सा गुजरातमधील मोरबी येथे तयार होतो, आणि तिथल्या अनेक कारखान्यांचा माल दर्जाने जवळपास सारखा असतो. तेव्हा नावापेक्षा टाइल सपाट आहे का, कडा सरळ आहेत का आणि दोन टाइल्स समोरासमोर धरल्या असता त्या वाकलेल्या दिसतात का, हे पाहावे. दुकानात उरलेला थोडा-थोडा माल बराच स्वस्त मिळतो. एका बाथरूमला पुरेल इतका तो अनेकदा निघतो, फक्त सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत याची खात्री करून घ्यावी.

फरशीसाठी मॅट किंवा अँटी-स्किड टाइलच घ्यावी. ती फार खरखरीतही नसावी, कारण तिच्या खाचांत साबणाचा मळ बसतो आणि घासणाऱ्याच्या नशिबी रोजचा वैताग येतो. दुकानात टाइलवर पाणी ओतून, चप्पल काढून, पाय ठेवून पाहावे. दुकानदाराला हे विचित्र वाटेल, वाटू द्यावे.

वॉटरप्रूफिंगमध्ये नेमके काय करतात, आणि ते झाले की नाही हे कसे ओळखावे?

जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुधा खाली उतरवलेला असतो आणि तो खोलगा विटांच्या तुकड्यांनी व सिमेंटने, म्हणजे कोब्याने, भरलेला असतो. फरशीचे सांधे उघडले की पाणी या कोब्यात साठत राहते आणि कालांतराने खालच्या छताला ओल येते. म्हणून फोडकाम केवळ टाइल काढण्यापुरते न ठेवता, गळती असेल तर जुना कोबा स्लॅबपर्यंत काढावा लागतो. त्यानंतर भेगा आणि पाइप जिथून भिंत भेदून जातात त्या जागा नॉन-श्रिंक (वाळताना न आकसणाऱ्या) ग्राउटने भरतात, भिंत व जमीन मिळते त्या कोपऱ्यांना गोलाई देतात आणि सिमेंट-पॉलिमरचे दोन थर एकमेकांना आडवे-उभे असे लावतात. हे थर जमिनीपुरते न ठेवता सर्व भिंतींवर किमान एक फूट आणि अंघोळीच्या बाजूला डोक्यापर्यंत चढवावेत. त्यावर नवा कोबा, आणि मग फरशी.

झाले की नाही हे ओळखण्याचा उपाय एकच आहे. न्हाणी ट्रॅपचे तोंड बंद करून, उंबऱ्यापाशी तात्पुरता बांध घालून तीन-चार इंच पाणी भरावे आणि ते किमान दोन दिवस, शक्य असल्यास तीन दिवस तसेच ठेवावे. पातळीवर पेन्सिलने खूण करावी आणि रोज खालच्या घरी जाऊन छत पाहावे. आमच्या स्वतःच्या घरी काम करताना, वेळ नाही म्हणून, ठेकेदाराच्या शब्दावर ही चाचणी आम्ही वगळली. फरशी बसली, नळ लागले, आणि दीड महिन्याने खालच्या काकू आपल्या स्वयंपाकघराच्या छताचा फोटो घेऊन दारात उभ्या राहिल्या. वाचवलेल्या तीन दिवसांची किंमत नव्याने फोडलेल्या नऊ चौरस फूट फरशीत मोजावी लागली.

फरशीचा ढाळही याच टप्प्यात ठरतो. पाच फुटांच्या अंतरात अर्धा ते पाऊण इंच ढाळ न्हाणी ट्रॅपकडे असावा. फरशी बसवल्यावर, सिमेंट ओले असतानाच, एक तांब्या पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहावे.

बाथरूममध्ये वास आणि झुरळे येतात. नवा ट्रॅप लावल्याने थांबतील का?

बहुधा थांबतील, पण आधी फुकटचा उपाय करून पाहावा. ट्रॅपमध्ये नेहमी सुमारे दोन इंच पाणी साठून राहते आणि तेच गटारातील वायू व किडे यांना अडवते. पाहुण्यांचे बाथरूम पंधरा-वीस दिवस वापरले नाही की ते पाणी वाळते आणि वास येऊ लागतो; दोन तांबे पाणी ओतले की थांबतो. बेसिनचा लवचीक पाइप नुसताच जमिनीतल्या भोकात खुपसलेला असेल तर तिथूनही वास येतो. तिथे रबरी वायसर लावावा किंवा बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा, पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग) बसवावा. जाता जाता: ‘न्हाणी ट्रॅप’ हा शब्द महाराष्ट्राबाहेरचे प्लंबरही सर्रास वापरतात. आपण मात्र न्हाणी हा शब्द घरातून कधीच घालवला.

भारतीय पद्धतीचे भांडे काढून कमोड बसवायचा आहे. किती फोडावे लागेल?

भांडे काढण्यासाठी चौथऱ्याचा भाग फोडावा लागतोच, कारण भांडे आणि त्याचा ट्रॅप कोब्यात गाडलेले असतात. कमोड घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. मैला वाहून नेणारा पाइप भिंतीतून जात असेल तर पी-ट्रॅपचा कमोड लागतो, जमिनीतून जात असेल तर एस-ट्रॅपचा. आणि एस-ट्रॅप असेल तर तयार टाइल लावलेल्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे लागते. बाजारात प्रामुख्याने नऊ आणि बारा इंच अंतराचे कमोड मिळतात. जुळणारे अंतर न पाहता कमोड आणला, तर तो एक तर भिंतीला भिडतो, नाही तर मागे फट राहते.

भिंतीला टांगलेला कमोड मर्यादित खर्चात टाळावा. चार इंची विटांच्या भिंतीवर त्यासाठी स्वतंत्र लोखंडी आधार उभा करावा लागतो आणि टाकी भिंतीत लपवली तर तिची दुरुस्तीही लपते. जमिनीवर बसणारा कमोड आणि भिंतीवरची साधी प्लास्टिकची टाकी हा मेळ सर्वांत कमी खर्चाचा आणि दुरुस्तीला सोपा आहे. जुन्या टाक्या एका वेळेस दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी सोडत. दोन बटणांच्या टाकीत साधारण तीन आणि सहा लिटरची सोय असते. टँकरचे पैसे भरणाऱ्या सोसायटीत हा फरक लहान नाही.

घरात दोन संडास असतील तर एक भारतीय पद्धतीचा राहू द्यावा, असे आमचे मत आहे. वयस्क व्यक्तींसाठी मात्र कमोड हवाच, आणि त्याच्या शेजारी भिंतीत घट्ट बसवलेला स्टीलचा आधारदांडा हवा. टॉवेलचा दांडा आधारासाठी नसतो. घसरणारा माणूस तोच पकडतो आणि दांड्यासकट खाली येतो. आधारदांड्याची जागा आधी ठरवून ती टाइलखाली भरीव ठेवून घ्यावी.

पाइप कोणते घ्यावेत?

गरम व थंड दोन्ही पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणारे पीव्हीसी). साधा पीव्हीसी किंवा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. भिंत बुजवण्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून हातपंपाने दाब द्यावा आणि काटा काही तास स्थिर राहतो का ते पाहावे. जुना बिडाचा उभा पाइप इमारतीच्या सामाईक मालकीचा असतो. तो आपल्या मनाने बदलू नये.

गीझर आणि विजेच्या बाबतीत कुठे काटकसर करावी?

कुठेही करू नये. जुन्या घरांत अनेकदा गीझरसाठी स्वतंत्र वायर नसते आणि अर्थिंग नावापुरते असते. दोन किलोवॅटच्या गीझरला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असावा. स्विच बाथरूमबाहेर किंवा दरवाजाजवळ, पाणी उडणार नाही अशा उंचीवर घ्यावा. काटकसर गीझरच्या आकारात करता येते: बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला १५ लिटरचा पुरतो. गीझरच्या सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून काही जण तिथे बूच मारतात. ते अत्यंत धोक्याचे आहे, कारण वाढलेला दाब बाहेर पडण्याची तीच वाट असते.

गॅस गीझर बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास किंवा रंग नसतो, आणि अंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध होईपर्यंत कुणाला काही कळत नाही. तो बाहेरच्या मोकळ्या ड्राय बाल्कनीत बसवून तिथून फक्त पाण्याचा पाइप आत आणावा.

सोसायटीची परवानगी लागते का? गळतीचा खर्च कुणाचा?

काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीला लेखी कळवावे. बहुतेक सोसायट्या कामाच्या वेळा ठरवून देतात, अनामत रक्कम घेतात आणि लिफ्टमधून राडारोडा नेण्यास मनाई करतात. गोण्यांची आणि उतरवण्याची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरावी. राडारोडा कचराकुंडीशेजारी किंवा ओढ्यात टाकू नये. मुंबई महापालिकेची तर तो उचलण्यासाठी ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सशुल्क सेवाच आहे. बाथरूमची जागा हलवून ते खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर किंवा बैठकीवर आणू नये, आणि आरसीसीचे खांब, तुळई किंवा स्लॅब यांत पाइपासाठी खाचा मारू नयेत.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे संस्थेकडे येते, तर सदनिकेतील संडास, मोरी इत्यादींच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्यांवर येतो. वाद होतो तो गळती कुठून आहे यावर. म्हणून ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून, समितीच्या एखाद्या सदस्यासमोर पाहणी करून ठेवावी. पुढचा बराच पत्रव्यवहार टळतो.

ठेकेदाराला काम उक्ते द्यावे की रोजंदारीवर?

फोडकाम, प्लास्टर, टाइल आणि प्लंबिंग हे एकत्र मोजून उक्ते द्यावे आणि महत्त्वाचा माल स्वतः आणून द्यावा. रोजंदारीवर काम लांबते; मालासकट उक्ते दिले तर ट्रॅप आणि वॉटरप्रूफिंगची रसायने यांतच हात मारला जातो. कागदावर टाइलची उंची, थरांची संख्या, पाणी भरून करायची चाचणी, राडारोडा कोण उतरवणार आणि दर जीएसटीसह आहे की वेगळा, हे लिहून घ्यावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि सुमारे दहा टक्के रक्कम बाथरूम महिनाभर वापरून झाल्यावर द्यावी. दिवे, पंखे, वायर यांसाठी पुण्यातील तपकीर गल्ली किंवा मुंबईतील लोहार चाळ येथे एक फेरी मारली तर जाण्यायेण्याचे पैसे निघून वर काही उरतात.

काम कोणत्या महिन्यात काढावे, आणि घरात एकच बाथरूम असेल तर काय करावे?

जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात थर वाळायला वेळ लागतो, मे महिन्यात पाणीकपात असते आणि अनेक कारागीर गावी गेलेले असतात, आणि गणपती ते दिवाळी या दिवसांत चांगला मिस्त्री मिळणे कठीण. संडास आणि बाथरूम वेगळे असतील तर आधी एक, मग दुसरे असे करावे. मजुरी थोडी वाढते, पण घर चालू राहते. एकत्र असतील तर दहा-बारा दिवसांसाठी शेजारी किंवा नातेवाईक यांच्याकडे सोय लावूनच हातोडा उचलावा. कारागिरांनी चार दिवस सांगितले तर बारा धरावेत.

कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर काही वेगळे करावे लागते का?

खाऱ्या हवेत मुलामा दिलेले लोखंड आणि स्वस्त स्टील लवकर गंजते. स्क्रू, बिजागऱ्या आणि दांडे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, पंखा आणि खिडकीची जाळी प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमची घ्यावी. चिऱ्याच्या भिंतीत ओल सहज चढते, म्हणून वॉटरप्रूफिंगचे थर भिंतीवर अधिक उंच न्यावेत.

नळांवर आणि टाइल्सवर बसणारे पांढरे डाग कसे काढावेत?

ते पाण्यातील क्षार असतात. सायट्रिक ॲसिड किंवा लिंबाचा रस कोमट पाण्यात घालून त्यात भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि मग धुवावे. फरशीवर तीव्र ॲसिड ओतण्याची जुनी सवय सोडावी, कारण त्याने सिमेंटचे सांधे झिजतात आणि नळांचा मुलामा उडतो. ॲसिडचा क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहान बंद खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

काम संपल्यावर काय जपून ठेवावे?

भिंतीची आणि फरशीची प्रत्येकी किमान पाच-सहा टाइल्स, बॉक्सवरील बॅच क्रमांकाच्या लेबलासह, माळ्यावर ठेवाव्यात. नळांची बिले आणि हमीपत्रे एका पिशवीत घालावीत. आणि भिंत बुजवण्यापूर्वी, टेप जमिनीपासून उभा धरून, पाइपांचे व वायरींचे चारही भिंतींचे फोटो काढून ठेवावेत. चार वर्षांनी आरशासाठी ड्रिल मारायला येणाऱ्याला ते आधी दाखवावेत.